लढाईच्या नकाशावर ग्रिड शेवटी सरकतं: कारण ओळखणं आणि ते कायमचं मिटवणं

लढाईचा खेळ ऑनलाइन खेळताना नकाशावर घरांची जाळी, म्हणजे ग्रिड, टाकतात. त्याबद्दल तक्रार एकच असते, नकाशा तेवढा बदलतो. डावीकडे वरच्या कोपऱ्यात सगळं चपखल बसलेलं असतं. टोकन (खेळाडूची सोंगटी) घरात, तटाची रेघ ग्रिडच्या रेघेवर, दरवाजा बरोबर दोन घरांचा. मग खेळाडू तळ्याच्या बाजूला सरकू लागतात आणि टोकन अर्धं भिंतीत, अर्धं बाहेर दिसायला लागतं. "मी तटावर आहे की खंदकात?" हा प्रश्न आला की त्या फेरीतली लढाई थांबते आणि वाद सुरू होतो. जीएम (खेळ चालवणारा) ग्रिड जरा सरकवतो, तिथलं जुळतं, दुसऱ्या टोकाचं बिघडतं. पुढच्या आठवड्यात नवा नकाशा, पुन्हा तेच.

सोलापुरात आमचा जो गट ऑनलाइन खेळतो त्यात कुणी जुळे सोलापुरातून जोडला जातो, कुणी होटगी रोडवरून, दोघं नोकरीनिमित्त पुण्यात असतात. खेळ वेढ्याचा आहे आणि नकाशा आपल्या भुईकोट किल्ल्याचा. वेढ्याच्या खेळात एका घराची किंमत फार असते. तटाच्या आत एक घर म्हणजे वाचलेली तुकडी, बाहेर एक घर म्हणजे गेलेली तुकडी. त्यामुळे ही तक्रार "चालतंय" म्हणून सोडून देण्यासारखी नाही. खाली जे लिहितोय ते रोल२० आणि फाउंड्री या दोन्ही व्हीटीटींना (असा खेळ पडद्यावर मांडायच्या सॉफ्टवेअरना) लागू पडतं, कारण दोष सॉफ्टवेअरमध्ये नसतो, चित्राच्या मापात असतो.

आधी निदान

ग्रिडची सेटिंग बदलण्याआधी नकाशाच्या चारही कोपऱ्यांत एकेक टोकन ठेवा आणि एक मधोमध. मग चित्रातली रेघ आणि ग्रिडची रेघ यांतलं अंतर पाचही जागी बघा. किती आहे यापेक्षा ते कसं बदलतं हे महत्त्वाचं.

पाचही जागी चूक सारखीच, सगळीकडे अर्धं घर उजवीकडे, अशी असेल तर चित्राला कडेने मार्जिन राहिलंय. हे सर्वांत सोपं. मार्जिन कापा किंवा ग्रिडचा ऑफसेट (सगळी जाळी सरकवायचं अंतर) तेवढा द्या, विषय संपला.

डावीकडे वर शून्य आणि उजवीकडे खाली जाताना वाढत जाणारी चूक असेल तर घराचा आकारच जुळत नाही. बहुतेक वेळा हेच असतं, आणि नेमकी इथेच लोक ऑफसेट बदलत बसतात. ऑफसेटने वाढणारी चूक कधीच जात नाही, ती फक्त जागा बदलते.

आडवं बरोबर पण उभं वाढत जातंय, असं दिसलं तर चित्र एका दिशेने ताणलं गेलंय. स्कॅनर आणि झेरॉक्स यंत्रं हे करतात. आणि चूक कुठे कमी, कुठे जास्त, मध्येच उलटी अशी दिसली तर तो कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो आहे. त्यात भिंगाचा बाक आणि तिरका कोन दोन्ही येतात. त्यावर वेळ घालवू नका, कागद सपाट स्कॅनरवर पुन्हा स्कॅन करा.

अपूर्णांक येतो कुठून

वाढत जाणाऱ्या चुकीचं मूळ एकच: चित्राची रुंदी भागिले घरांची संख्या, याचं उत्तर पूर्णांक येत नाही. प्रत्येक घरात पिक्सेलचा एखादा तुकडा जास्त किंवा कमी पडतो. पहिल्या घरात तो डोळ्याला दिसत नाही, सत्तराव्या घरापर्यंत तो सत्तरपट झालेला असतो.

सोलापुरात ज्यांच्या घरी जॅकार्डचे माग होते किंवा आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. चादरीचं डिझाइन ग्राफवर काढताना फुलाची एक आवृत्ती ताण्याच्या एकूण धाग्यांत पूर्ण वेळा बसली नाही, तर काठाशी येऊन फूल तुटतं. मग काठाशी जाऊन फूल दुरुस्त करत नाहीत, ग्राफचा हिशेब पुन्हा मांडतात. नकाशाचंही तेच करायचं.

आता हा अपूर्णांक शिरतो त्या वाटा बघू. पहिली वाट मिलिमीटरची. इंकस्केपमध्ये पान मिलिमीटरमध्ये ठेवून १० मिमीचं एक घर काढलं आणि ९६ डीपीआयने (एका इंचाला ९६ पिक्सेल) एक्सपोर्ट केलं, तर एक घर ३७.७९५ पिक्सेलचं होतं. व्हीटीटीत तुम्ही ३८ टाकता. ७० घरांच्या नकाशात शेवटी १४ पिक्सेलची चूक, म्हणजे एक तृतीयांश घराहून जास्त. ३०० डीपीआयने स्कॅन केलेल्या सेंटिमीटरच्या ग्राफपेपरचंही तसंच, तिथे घर ११८.११ पिक्सेलचं पडतं. एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात, त्यामुळे २५४ डीपीआय दिलं तर १० मिमीचे बरोबर १०० पिक्सेल होतात. ज्यांना मिलिमीटर सोडवत नाहीत त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. बाकी "डीपीआय जास्त म्हणजे नकाशा चांगला" ही समजूत छापखान्यातली आहे. पडद्यावर पिक्सेल मोजले जातात, डीपीआयला तिथे काहीच अर्थ नाही.

दुसरी वाट चॅटची. नकाशा कुणीतरी काढतो आणि ग्रुपवर फोटो म्हणून टाकतो. ॲपने लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणली तर ७० घरांना भागून २२.८५७ येतात. फाइल नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या. चित्र मिळाल्यावर सगळ्यात आधी त्याची पिक्सेलमधली रुंदी बघायची सवय लावून घ्या. मूळ आकडा आणि आलेला आकडा वेगळा असेल तर पुढे जाऊच नका.

तिसरी वाट मापायच्या साधनाची. रोल२० मध्ये ग्रिडला जुळवण्यासाठी ३ बाय ३ घरांचा चौकोन ओढायला सांगतात. हात एका पिक्सेलने हलला तर ती चूक तीन घरांमागे एक पिक्सेल. ७० घरांपर्यंत ती २३ पिक्सेल होते. लहान खोलीच्या नकाशाला हे साधन उत्तम आहे, किल्ल्याला नाही. किल्ल्याच्या नकाशावर चित्र निवडून त्याची मापं थेट आकड्यात द्या: रुंदी ७० घरं, उंची ६० घरं.

उपाय

आधी घरांची संख्या ठरवा, मग एका घराचे पिक्सेल, मग दोन्हींचा गुणाकार, आणि तेवढाच कॅनव्हास उघडा. चित्र त्यानंतर. मी आता सगळे मूळ नकाशे एका घराला ११२ पिक्सेल धरून काढतो (११२ च का, ते षटकोनांपाशी येईल). ७० बाय ६० घरांना ७८४० बाय ६७२० पिक्सेल. एक्सपोर्ट करायचं ते ११२ ने किंवा बरोबर निम्म्याने, ५६ ने. मधला कुठलाही आकडा नाही.

तयार, दुसऱ्याने काढलेलं किंवा स्कॅन केलेलं चित्र असेल तर गिंपमध्ये उघडा, खूप झूम करा, आणि सगळ्यात बाहेरच्या ग्रिडरेघांवर क्रॉप करा. रेघ दोन-तीन पिक्सेल जाड असेल तर चारही बाजूंना रेघेच्या मधोमध कापा, एकीकडे आतून आणि दुसरीकडे बाहेरून नको. मग स्केल इमेजमध्ये जाऊन रुंदी-उंचीमधली साखळी तोडा आणि दोन्ही आकडे वेगवेगळे टाका: आडवी घरं गुणिले ११२, उभी घरं गुणिले ११२. साखळी तोडली की स्कॅनरचा ताणही त्याच वेळी निघून जातो. घरं मोजताना चित्रावर दर दहाव्या घराला खूण करत जा. सरळ मोजत गेलं की एखादं घर हमखास सुटतं, आणि एक घर सुटलं की सगळा हिशेब चुकतो.

शक्य असेल तिथे चित्रात ग्रिड काढूच नका. जमीन, तट, पाणी एवढंच काढा आणि रेघा व्हीटीटीला मारू द्या. चित्रात पक्क्या बसलेल्या पातळ रेघा झूम कमी केल्यावर थरथरतात, काही गायब होतात, आणि खेळाडूंना वाटतं ग्रिड पुन्हा बिघडलं.

एक घर किती फुटांचं

ग्रिड जुळलं तरी भुईकोटासारखा नकाशा अडतो, आणि त्याचं कारण बहुतेकजण दुसरीकडे शोधतात. सवयीने सगळे एक घर ५ फुटांचं धरतात. तळघरातल्या चकमकीला ते बरोबर आहे. किल्ल्याला धरून बघा.

१८८४ च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये या किल्ल्याची मापं आहेत. साधारण २३० बाय १७६ यार्डांचा वेडावाकडा आयत, भोवती दुहेरी तट, दोन तटांमध्ये १० ते २० यार्ड. पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आहे ती बाजू सोडून बाकी सगळीकडे पाण्याचा खंदक, १०० ते १५० फूट रुंद. फुटांत सांगायचं तर किल्ला ६९० बाय ५२८ फूट. खंदक आणि पलीकडचा काठ धरला तर ५ फुटांच्या घराने कॅनव्हास २१० बाय १८० घरांचा होतो. १०० पिक्सेलच्या घराने ते झाले २१,००० बाय १८,००० पिक्सेल. वेबपी फाइलची कमाल बाजूच १६,३८३ पिक्सेल असते, त्यामुळे हे चित्र त्या फॉर्मॅटमध्ये साठवताही येणार नाही.

१५ फुटांचं घर धरलं की हाच किल्ला आज्ञाधारक होतो. ६९० फुटांची ४६ घरं. १५० फुटांच्या खंदकाची बरोबर १०. दोन तटांमधल्या ३० ते ६० फुटांची २ ते ४. फक्त ५२८ ला ३५.२ येतात, तिथे ३६ घरं द्या. एवढी मापं पूर्णांकात बसतात, हे बघून मला फार आनंद झाला होता. बाहेरचा काठ धरून ७० बाय ६० मध्ये सगळं मावतं.

मग एक टोकन एका माणसाचं राहत नाही, दहा-बारा जणांच्या तुकडीचं होतं. वेढ्याच्या खेळाला तेच शोभतं. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. शंभर यार्ड म्हणजे आपली २० घरं. बाहेरच्या तटावरून बंदुका चालल्या तर १० घरांचा खंदक पूर्ण माऱ्यात आणि पलीकडची आणखी १० घरंही. वेढा घालणाऱ्याने दमदमा (तोफांसाठी मातीचा उंचवटा) कुठे उभारायचा, हे नकाशाच सांगायला लागतो. ५ फुटांच्या घरात हा विचार खेळाडूला दिसतच नाही, कारण पडद्यावर एका वेळी तटाचा एक तुकडा मावतो.

व्हीटीटीच्या सेटिंगमध्ये एका घराचं अंतर १५ आणि एकक फूट असं बदलायला विसरू नका. नाहीतर मशालीचा उजेड तिप्पट पसरतो आणि तीस फूट चालणारी तुकडी दोन घरांऐवजी सहा घरं पळते.

एक मत मांडतो. खरा बुरूज गोल असतो, खरा तट तिरका जातो, आणि चौकोनी ग्रिडवर दोन्ही त्रास देतात. मी तट अर्ध्या घराच्या आत सरकवून ग्रिडवर बसवतो आणि फांजीला (तटावरच्या चालायच्या वाटेला) किमान एक सबंध घर देतो, म्हणजे तिथे उभं राहता येतं की नाही यावर वाद होत नाही. दरवाज्याला मात्र हात लावत नाही. दरवाज्याचं वळण आणि त्याच्यावर नजर ठेवणारे बुरूज यांतच त्या किल्ल्याची लढाऊ बुद्धी आहे. ती सोयीसाठी सपाट केली तर कुठलाही किल्ला चालला असता.

एकाला नकाशा काळा दिसतो

जीएमच्या लॅपटॉपवर सगळं छान, आणि कुणा एकाच्या फोनवर काळा पडदा. त्याला इंटरनेट बदलायला सांगण्याआधी गुणाकार करा. फाइल ४ एमबीची असली तरी पडद्यावर येताना चित्र उलगडतं आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ७८४० बाय ६७२० चं चित्र ग्राफिक्सच्या मेमरीत सुमारे २१० एमबी खातं. तेच ५६ पिक्सेलच्या घराने ३९२० बाय ३३६० झालं की सुमारे ५३ एमबी. वरचा २१,००० बाय १८,००० चा नकाशा दीड जीबीवर गेला असता. जेपीजी आणखी दाबून यातलं काहीच कमी होत नाही, कारण दाबलं जातं ते डिस्कवर.

शिवाय बऱ्याच जुन्या फोनमध्ये चित्राची एक बाजू ४०९६ पिक्सेलपेक्षा मोठी असली की ते उघडतच नाही. ५६ चा एक्सपोर्ट या मर्यादेच्या आत बसतो. गटात एक जण जरी फोनवरून खेळत असेल तर सगळ्यांना तोच द्या. सोलापूरच्या एप्रिल-मे मधल्या दुपारी लॅपटॉपचा पंखाही त्याने जरा शांत राहतो.

नकाशा मोठाच हवा असेल, जसं नळदुर्ग, जिथे किल्ला आणि रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला बोरी नदीवरच्या पाणीमहालाच्या बंधाऱ्याने जोडलेले आहेत, तर तीन वेगळी दृश्यं करा. कापताना घराच्या रेघेवरच कापा आणि दोन तुकड्यांत काही सबंध घरं दोन्हीकडे ठेवा, म्हणजे बंधाऱ्यावरची तुकडी एका दृश्यातून दुसऱ्यात नेताना गोंधळ होत नाही.

चित्र बदललं आणि भिंती हलल्या

वेढ्यात तटाला खिंडार पडतं, सुरुंग उडतो, रात्र होते. जीएम नवं चित्र टाकतो आणि नजर अडवणाऱ्या भिंती, दिवे, टोकन सगळं भलतीकडे. ते हललेलं नसतं, चित्राचं माप बदललेलं असतं. दिवसाचा, रात्रीचा, खिंडाराचा असे सगळे नकाशे एकाच मूळ फाइलमध्ये वेगवेगळ्या लेयरवर ठेवा आणि प्रत्येक वेळी तोच कॅनव्हास, त्याच पिक्सेलमध्ये एक्सपोर्ट करा. फाउंड्रीत दृश्याचं पॅडिंगही (चित्राभोवतीची मोकळी जागा) मध्येच बदलू नका. भिंतींच्या सांध्यातून पलीकडचं दिसत असेल तर तिथे दोन तुकड्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली नाहीत. कंट्रोल दाबून भिंत सलग ओढली की टोकं आपोआप जुळतात. शिफ्ट दाबलेली राहिली तर स्नॅप (हे आपोआप चिकटणं) बंद होतं, ते बघा.

षटकोनी ग्रिड

उघड्या मैदानावरच्या लढाईला चौकोन मला आवडत नाही, तिरकी चाल फुकट लांब पडते. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेशी पेशव्यांच्या सैन्याची गाठ सोलापूरच्या किल्ल्याबाहेर पडली आणि काही दिवसांत किल्ला गेला. त्या बाहेरच्या लढाईला षटकोनच हवेत. पण षटकोनात अपूर्णांक टाळताच येत नाही. टोक वर असलेल्या षटकोनात दोन ओळींमधलं अंतर रुंदीच्या ०.८६६०२५... पट असतं आणि ते दशांश कधी संपत नाहीत. १०० रुंदीला ८६.६०२५ येतात. तुम्ही ८७ धरलं तर ४० ओळींनंतर १६ पिक्सेलची चूक.

इथे ११२ कामी येतो. ११२ रुंदीला ओळींचं अंतर ९६.९९५ येतं, म्हणजे ९७ धरलं तरी ४० ओळींत चूक पिक्सेलच्या पाचव्या भागाएवढी. डोळ्याला ती दिसत नाही. चित्रात षटकोन काढायचेच असतील तर ११२ आणि ९७ ही जोडी वापरा.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं असेल तर नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. चित्राची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये, आडवी-उभी घरं, व्हीटीटीत टाकलेला घराचा आकडा, आणि चार कोपऱ्यांतली व मधली चूक, एवढं लिहा. फाइलच्या नावातच "भुईकोट ७०x६० ११२" असं घालून ठेवलं तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.